माशीला दिलेला डोळा

आक्का नापास झाली तेव्हा तिनं एकेक करून सगळ्यांना दोष दिला. आधी वाऱ्याला, मग नव्या बुटांना, मग पिस्तुलाला, आणि शेवटी, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून, सकाळी वहिनीनं दिलेल्या चहाला.

"पाणचट होता," ती म्हणाली. "असला चहा पिऊन कुणाचा हात स्थिर राहील?"

"त्याच चहावर गेल्या वर्षी पास झालात, वन्सं," वहिनी म्हणाली.

"गेल्या वर्षी थोडी तरी पत्ती घातली होतीस."

वहिनी म्हणजे आक्काच्या धाकट्या भावाची बायको. आधी गल्ली तिला वहिनी म्हणायला लागली, मग दूधवाला, मग पोस्टमन, आणि तेच नाव झालं. आक्का तिची थोरली नणंद. लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि सरकारी खजिन्याच्या फाटकावर कमरेला पिस्तूल लावून सव्वीस वर्षं उभी राहिलेली. त्या काळी बाईच्या कमरेला पिस्तूल म्हटलं की माणसं रस्त्यात वळून बघत. आक्का त्या बघणाऱ्यांकडे अशी काही बघे की ती पुन्हा वळून आपल्या वाटेला लागत. पिस्तूल काढायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. नजरेवरच भागायचं.

आणि आता नेमकी नजरच फितूर झाली होती.

वर्षातून एकदा पहारेकऱ्यांची परीक्षा असे. पंधरा पावलांवर पुठ्ठ्याचा काळा पुतळा, दहा गोळ्या, त्यातल्या सात छातीत बसल्या पाहिजेत. आक्काच्या चार बसल्या. आठ दिवसांनी फेरपरीक्षा होती. तीही हुकली तर पिस्तूल जमा करायचं आणि आतल्या खोलीत बसून टपालावर शिक्के मारायचे. निवृत्तीला अजून सात वर्षं होती.

"सात वर्षं शिक्के!" आक्का म्हणाली. "त्यापेक्षा मला त्या पुतळ्याच्या जागी उभं करा."

तिचा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. एका डोळ्याला भिंग लावून तो कोपऱ्यातल्या टेबलावर कसलंसं चाक शोधत होता. त्यानं मान वर न करता तोंड उघडलं. "आक्का, एकदा चष्म्याचं—"

"धाकट्या, तू तुझ्या घड्याळात तोंड घाल."

त्यानं घातलं.

आक्काला चाळिशी लागली होती ती एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे वेळापत्रक पाहता गाडी अकरा वर्षं उशिरा आली होती. पण आली ती आलीच. चष्मा तिनं गुपचूप केला होता आणि शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली लपवला होता. वर्तमानपत्र वाचायचं असलं की ती खोलीचं दार लावून घ्यायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांना जीव प्यारा होता. खजिन्यात मात्र कुणालाच पत्ता नव्हता, आणि तो लागू नये म्हणून आक्का येणाऱ्यांचे परवाने हातभर लांब धरून, भुवया ताणून वाचायची. लोकांना वाटायचं संशयानं वाचतेय. दरारा उलट वाढला होता.

धाकटा दुकानात गेल्यावर वहिनीनं सरळच विचारलं. "वन्सं, काय दिसत नाही? पुतळा का पिस्तूल?"

आक्कानं आधी खिडकी लावली. मग म्हणाली, "माशी."

पिस्तुलाच्या नळीच्या पुढच्या टोकावर, वर, नखाएवढा एक उंचवटा असतो. त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी उभी करायची, दोन्हींची डोकी एका रेघेत आणायची, आणि मग पुतळा. सगळा नेम त्या माशीवर.

"पुतळा काळा, खाच काळी, माशी काळी," आक्का म्हणाली. "पूर्वी तिची धार सुरीसारखी दिसायची. आता काजळीत काजळी. बरं, चष्मा लावला तर पेपर दिसतो, पण हात लांब केला की तिथवर त्याची मजल जात नाही, आणि पुतळा तर धुक्यातच जातो. काढला तर पुतळा स्वच्छ, आणि माशी उडून गेलेली. मधल्या अंतराचा चष्मा कुणी देतं का गं?"

"देत असतील. पण तो तुम्ही फाटकावर लावाल का?"

आक्कानं खिडकी नीट लागलीय का ते पुन्हा पाहिलं. म्हणजे नाही.

वहिनी बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे रंगवायची. वीस वर्षं. दिवसाला दोनशे बाहुल्या, म्हणजे चारशे डोळे. दर चार दिवसांनी आक्का तिला ‘बाहुल्यांना काजळ घालणारी’ म्हणायची आणि वहिनी आक्काला मनातल्या मनात ‘फाटकाचा अडसर’ म्हणायची. दोघींचं अगदी छान चाललं होतं. पण रंगातलं वहिनीला कळायचं. काळ्यावर थेट रंग लावला तर काळं रंगाला गिळतं, हे तिला तिच्या वस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आधी खाली पांढरा, तो कडक वाळला की वर रंग. मग तो उजेड आतून बाहेर फेकतो.

"माशी रंगवू या," ती म्हणाली.

"काय?"

"फक्त तुमच्याकडची बाजू. डोक्याची धार सोडून. कुणाला कळणार नाही, आणि तुम्हाला दिसेल."

"माझ्या पिस्तुलाला तू लाली लावणार?"

"शिक्के मारताना बोटांना शाई लागते म्हणतात. जांभळी. आठ-आठ दिवस निघत नाही."

आक्कानं आपली बोटं बघितली. वहिनी कारखान्यातून सहा शिंपल्यांमध्ये सहा रंग घेऊन आली.

त्या संध्याकाळी त्यांनी घरात तालीम केली. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांची टोकं आधी काळी केली, मग एकेकावर एकेक रंग. चिमटा लाकडी पट्टीच्या टोकाला लावायचा, आक्कानं पट्टी दोन्ही हातांत धरून समोर ताणायची आणि काय दिसतं ते सांगायचं. पिवळा उजेडात विरघळला. हिरवा बरा होता, पण परीक्षा व्हायची त्या खाणीत झुडपं फार, त्यांच्यात मिसळला असता. लाल खिडकीपाशी पेटल्यासारखा दिसला आणि घरातल्या अंधाऱ्या बोळात गेल्यावर चक्क काळा पडला.

"हा दगाबाज आहे," आक्का म्हणाली. "माणसासारखा. उजेडात एक, अंधारात एक."

मग वहिनीनं बाहुल्यांच्या ओठांच्या लालीत पिवळा मिसळून एक झणझणीत नारिंगी केला. आक्का बोळात गेली, पट्टी उचलली आणि ओरडली, "दिसला!"

नेमका त्याच वेळी धाकटा दार उघडून आत आला. बोळाच्या टोकाला थोरली बहीण त्याच्यावर काहीतरी रोखून उभी होती. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली आणि हात आपोआप वर गेले.

"आक्का, मी काय केलं?"

"काही केलं नाहीस," आक्का पट्टी न हलवता म्हणाली. "जन्मात काही केलं नाहीस, तेच तर. हलू नकोस, छातीवर माशी कशी बसलीय बघ."

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं आपलं हत्यार पहारेकऱ्यांच्या खोलीत बसून साफ करायचं असे. शस्त्रागाराचा प्रमुख दुपारी जेवायला गेला की तासभर उगवत नसे. त्याला सगळे नियमावली म्हणत, कारण खोकला आला तरी तो आधी कलम आठवून मग खोकायचा. परीक्षाही तोच घ्यायचा. तो गेल्याची खात्री करून आक्कानं वहिनीला डबा घेऊन बोलावलं. वरच्या कप्प्यात जेवण होतं, खालच्यात कुंचले.

आक्कानं गोळ्यांची पेटी काढून बाजूला ठेवली, नळी उघडून रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, वहिनीला दाखवलं, आणि पुन्हा एकदा स्वतः पाहिलं. एरवी ती कितीही टवाळ असली तरी या बाबतीत तिच्यासारखी कर्मठ बाई नव्हती. मग पिस्तूल फडक्यावर ठेवलं. वहिनीनं माशी स्पिरिटनं पुसली, दोन केसांच्या कुंचल्यानं पांढरा भरला, तो वाळेपर्यंत दोघी जेवल्या, आणि मग नारिंगी सुरू झाला. पातळ, एकावर एक, तीन हात.

"एवढ्याशा जागेला एवढा वेळ?" आक्का म्हणाली. "एवढ्यात मी सगळं फाटक रंगवलं असतं."

"फाटक डोळे मिचकावत नाही, वन्सं. बोलू नका, हात हलतो."

"वीस वर्षं बाहुल्यांच्या तोंडाशी बसतेस, आणि एकीनं तरी आभार मानले?"

"सव्वीस वर्षं फाटक धरून उभ्या आहात. फाटकानं मानले?"

आक्का खळखळून हसली. वहिनीही हसली, आणि हसता हसता तिचा हात त्याच्या सवयीनं काम संपवून मोकळा झाला. पिस्तूल उचलून आक्कानं भिंतीवरच्या खिळ्यावर रोखलं.

"अगं बाई! केवढं लख्ख! आणि आतला तो बारीक ठिपका तर ताऱ्यासारखा. अगदी डोकं लावून केलंस हो."

पण बाहेर पावलं वाजली. वहिनीनं कुंचले डब्यात टाकले आणि ठिपका कसला, हे विचारायचं राहून गेलं.

ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. कारखान्यात एका बाहुलीचा उजवा डोळा पुरा झाला होता. निळा, मध्ये काळा, आणि शेवटी पांढऱ्याचा एक कण, वरच्या बाजूला, उजवीकडे. त्याला चमक म्हणत. चमक नसलेला डोळा मेलेला, म्हणून चमक दिल्याशिवाय डोळा हातातून सोडायचा नाही, असं वस्तादानं बजावलं होतं. आणि ती नेहमी वर उजवीकडेच, कारण कारखान्याची खिडकी त्या अंगाला होती. वहिनीनं तो कण ठेवला आणि तिचा कुंचला हवेतच थांबला.

आतला तो बारीक ठिपका.

पिस्तुलाच्या माशीला तिनं चमक दिली होती. आणि आक्काला वाटत होतं की नेम त्याच ठिपक्यावर धरायचा.

वहिनीनं मनातल्या मनात पट्टी उचलली. ठिपका उजवीकडे. तो खाचेच्या मधोमध आणायचा तर आख्खी माशी डावीकडे सरकणार. ठिपका डोक्याच्या खाली. तो रेघेत आणायचा तर माशी वर उचलली जाणार. म्हणजे गोळी वर आणि डावीकडे. दहाच्या दहा. बोंबला! आक्काचा हात जितका स्थिर, तितकी ती खात्रीनं नापास.

समोरच्या बाहुलीला एकच डोळा झाला होता. तिला तशीच टाकून, नारिंगीचा शिंपला आणि कुंचला मुठीत धरून वहिनी निघाली. मुकादम "अहो, कुठे?" म्हणाला, तेव्हा ती "डोळ्यात गेलं!" असं काहीतरी ओरडली आणि फाटकाबाहेर पडली.

सरावाची जागा म्हणजे एक जुनी दगडाची खाण. कारखान्यापासून चालत पाव तास, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, चपला हातात घेऊन धावत, साडेबारा मिनिटं. दोरीपाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला तिनं "आक्काचा डबा" सांगितलं. शिंपल्याएवढा डबा बघून तो चकित झाला, पण आक्काच्या घरच्या माणसाला अडवायची त्याची छाती झाली नाही.

आत शांतता होती. हात मोकळा करायच्या पहिल्या पाच गोळ्या झाल्या होत्या. त्या मोजत नसत. आक्का रिकामं पिस्तूल मेजावर ठेवून ताठ उभी होती आणि नियमावली पुतळ्यापाशी वाकून बघत होता. पुतळ्याच्या डावीकडच्या कानाशेजारी पाच भोकं होती, इतकी जवळजवळ की वर बशी ठेवली असती तर सगळी झाकली असती. छाती जशीच्या तशी.

"आक्का," नियमावली परत येत म्हणाला, "नेम उत्तम आहे. फक्त पुतळा चुकीच्या जागी उभा दिसतोय."

आक्काचा चेहरा राखेसारखा झाला होता. वहिनीनं तिला सव्वीस वर्षांत... छे, वहिनीला येऊन तेवढी वर्षं झाली नव्हती, पण जितकी झाली होती तितक्यांत असं पाहिलं नव्हतं.

"वन्सं, ठिपका!" ती दोरीवरून ओरडली. "ठिपका चुकून पडलाय! तो नेमाचा नाही, डोळ्याचा आहे!"

झालं. बिंग फुटलं. नियमावलीनं पिस्तूल उचललं, नळी स्वतःपासून दूर धरली, मागून माशीकडे पाहिलं आणि दचकला.

"हे... हे बघतंय माझ्याकडे!"

"बघू दे," आक्का म्हणाली. "तेवढंच कुणीतरी बघेल."

"हत्यारात फेरफार! कलम... कलम..." त्यानं खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, उघडलं आणि थोडं लांब धरलं. मग आणखी लांब. मग हात पुरा ताणून मान मागे घेतली. हात संपला, तरी कलम सापडेना.

आक्का त्याच्याकडे बघत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"किती वर्षं झाली?" तिनं अगदी मायेनं विचारलं.

"कशाला?"

"हात आखूड पडायला लागून."

नियमावलीनं इकडे तिकडे पाहिलं, आणि पुस्तक वहिनीच्या हातात दिलं. "उजेड बरोबर नाही इथे. तुम्ही वाचा."

खाणीत भर सकाळचं ऊन होतं. वहिनीनं वाचलं. मनात आलं, हवं ते वाचता येईल, या दोघांनाही अक्षर दिसत नाही. पण तिनं लिहिलं होतं तेच वाचलं. "हत्याराचा कोणताही भाग काढणे, कापणे, घासणे अथवा बदलणे यास सक्त मनाई आहे."

"पुढे?"

"पुढे तेल कुठलं वापरायचं ते आहे."

"रंगवणे?"

"रंगवणे नाही."

नियमावलीनं पुस्तक परत घेऊन मिटलं. नियम मोडणाऱ्याचं काय करायचं ते त्याला पाठ होतं. नियमच नसलेल्या जागी पाय टाकणाऱ्याचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "ठीक. पण बाहेरच्या माणसानं हत्याराला हात लावायचा नाही. हे कलम मला तोंडपाठ आहे. ठिपका झाकायचा तर आक्कांनी झाकायचा. दहा मिनिटं देतो."

वहिनीनं दोरीवरून शिंपला आणि कुंचला पुढे केला. आक्कानं तो कुंचला बघितला. दोन केसांचा. मग माशी बघितली. नखाएवढी, आणि तिच्यावर मोहरीच्या आठव्या हिश्श्याएवढा कण. रिकामं पिस्तूल मेजावर, तोंड दरडीकडे. आक्कानं कुंचला जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

मेजाभोवती सात-आठ पहारेकरी उभे होते. त्यांतल्या निम्म्यांना परवाने वाचताना आक्काच्या ताणलेल्या भुवया ठाऊक होत्या.

"काय बघताय?" आक्का म्हणाली. मग तिनं गणवेशाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. एका काडीला अजून शिवणाचा दोरा गुंडाळलेला होता. तो चढवून तिनं सगळ्यांकडे एकदा नीट, क्रमानं पाहिलं. हसायची कुणाची टाप नव्हती. उलट नियमावलीनं खाली बघून घसा खाकरला, तोही कलम न आठवता.

"श्वास धरा," वहिनी दोरीवरून म्हणाली. "अर्धा सोडा आणि धरा. मनगट मेजावर टेकवा. रंग लावायचा नाही, नुसता टेकवायचा."

"हे तर नेमबाजीसारखंच आहे," आक्का श्वास धरूनच पुटपुटली.

"मग मी वीस वर्षं काय सांगतेय?"

"तू कधीच सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं?"

कुंचला टेकला. थोडा बाहेरही गेला, पण ठिपका गेला. आक्कानं माशीवर फुंकर घातली, एखाद्या पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी, आणि रंगाचा तो हात पुरा वाळू दिला. मग तिनं चष्मा काढून खिशात ठेवला. आतल्या नाही, वरच्या, जिथून तो दिसत होता.

दहा गोळ्या. वहिनी प्रत्येकीला डोळे मिटायची आणि उघडायची. नियमावली पुतळ्यापाशी गेला, बोट लावून मोजलं, पुन्हा मोजलं.

"आठ," तो म्हणाला. "आणि एक रेघेवर."

"रेघेवरची तुम्हाला ठेवा," आक्का म्हणाली. "उजेड बरोबर नाही ना इथे."

परतताना तिनं वहिनीच्या हातातल्या चपला बघितल्या आणि थांबली. "घाल आधी. आणि ऐक, त्या चहाचं मी म्हणाले ते..."

"पाणचटच होता," वहिनी म्हणाली. "पत्ती संपली होती."

आक्का पुढची सात वर्षं फाटकावर उभी राहिली, चष्मा लावून. परवाने आता ती हातभर अंतरावर धरत नसे. लोक सांगत, जवळून ती जास्त भयंकर दिसते. दर वर्षी परीक्षेच्या आधी ती पिस्तुलाचा नारिंगी स्वतः लावायची, आणि दुसऱ्या वर्षीपासून तिच्या शेजारी नियमावली आपलं पिस्तूल घेऊन बसायचा. "पण चमक नको," एवढं मात्र बजावून सांगायचा.

ती एकाच डोळ्यात चमक असलेली बाहुली कारखान्यानं नापास केली. दुसरा डोळा वहिनीच्या जागी बसलेल्या बाईनं रंगवला होता, आणि चमक द्यायची विसरली होती. वहिनी तिला घरी घेऊन आली. तो डोळा पुरा करायला तिनं कुंचला काढला, तेव्हा आक्कानं तिचा हात धरला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "एक डोळा मिटून नेम धरलाय तिनं."

कपाटावर बसून ती बाहुली पुढे कित्येक वर्षं धाकट्यावर नेम धरून होती. त्यानं आपलं टेबल दोनदा हलवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.